अँजिओग्राफी क्लिअर आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

...आता तुम्हीच सांगा, माणसाची अँजिओग्राफी क्लिअर आली म्हणून त्याचा बॅनर लावतात का कोण? वाढदिवसाचा लावतात, मान्य हाय. निवडून आला तर लावतात, पडला तरी ‘मतदारांचे आभार’ म्हणून लावतात, ते पण मान्य. पोरगी बारावी पास झाली, बैल शर्यतीत पहिला आला, कोणी नवीन जेसीबी घेतला, सगळ्याचे लागतात आमच्या अंजूरला, मी कुठं न्हाय बोलतो. पण हृदयाच्या नसांचा? आन तो पण नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या बरोबर वर, म्हंजे भिवंडीला जाणारा माणूस पण बघणार आन भिवंडीवरनं येणारा पण बघणार, आन खारबावकडं वळणारा तर मान मोडून बघणार. त्यात मी. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, डोळ्याला गॉगल. आन हसतोय. आयुष्यात इतका मी कधी हसलो न्हाय, माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बघा, तिथं पण न्हाय.

वर लिहिलंय काय, तर ‘दिलदार, दमदार, दानशूर व्यक्तिमत्त्व, मा. श्री. केसरीनाथ शेठ यांची अँजिओग्राफी क्लिअर आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार’. हे सगळं काम आमच्या भाविकचं. भाविक म्हंजे माझा पुतण्या, त्याला बॅनर लावायला फक्त निमित्त लागतं, उद्या मला नुसती ढेकर आली तरी तो फ्लेक्सवाल्याकडं पळेल. आन तो भिवंडीतला फ्लेक्सवाला त्याच्या वर, बोलला, ‘भाविकभाई, पीछे दिल का फोटो डाल देता हूँ, मॅटर उठके दिखेगा.’ भाविक बोलला डाल. आता त्या भल्या माणसानं इंटरनेटवरनं दिल काढलं ते कुठलं? लालभडक, बदामाचं, मधून बाण गेलेला. तो बाण बरोबर माझ्या काखेत घुसलाय. आमची जानकी, म्हंजे माझी बायको, रिक्षातून उतरली, वर बघितलंन आन बोल्ली, ‘अवो, ही अँजिओग्राफी हाय का कोणाशी जमलंय तुमचं?’

आन खाली गोल गोल फोटोत शुभेच्छुक. पहिलाच गोल राघोचा. हा राघो म्हंजे माझा लहानपणापासूनचा मैतर, घराला घर लागून हाय त्याचं, खाडीत पोहायला पण एकत्र शिकलो आन शाळा पण एकत्रच सोडली. ह्या राघोमुळं मी आज तुमच्यासमोर असा मान खाली घालून बसलोय. म्हंजे राघोमुळं न्हाय... माझ्यामुळं. राघोचं काय झालं तेच सांगतोय, पण आधी माझं ऐका, त्याशिवाय त्याचं कळणार न्हाय.

तर झालं काय, आमचे दोन गोडाऊन हायेत, भाताची जमीन होती तिथंच बांधलेत. एक दिवस कंटेनरवाल्याशी माझी बाचाबाची चालू होती, तो गाडी गेटवर आडवी लावून चहा प्यायला गेलेला, आन मी ओरडता ओरडता एकदम छातीवर कोणी गोणी ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड. पोरांनी उचलला आन थेट ठाण्याला, क्षितिजा मॅडमकडं. हृदयाच्या डॉक्टर हायेत, वयानं आमच्या उन्नतीपेक्षा, म्हंजे माझ्या पोरीपेक्षा, थोड्या मोठ्या असतील, पण बोलल्या की वाटतं आपली शाळेची बाई बोलतेय. त्यांनी मनगटातून तार घालून अँजिओग्राफी केली. बाहेर आल्यावर बोलल्या, ‘केसरीनाथ काका, मोठं ब्लॉकेज दिसत नाहीये. एका ठिकाणी नस थोडी अरुंद आहे, तीस-चाळीस टक्के, पण...’

आता ह्या ‘पण’च्या पुढं त्या बराच वेळ बोलत होत्या. मॅडमचं तोंड हलत होतं, हात हलत होता, कागदावर त्यांनी नळीसारखं काहीतरी काढून पण दाखवलं. पण मी कुठं ऐकतोय? मी एका हाताने भाविकला फोन लावत होतो. ‘भाविक, क्लिअर! अरे चाळीस टक्केच हाय!’ दहावीला मला चाळीस टक्के पडले न्हाईत म्हणून बापानं बडवला होता, आन इथं चाळीसच पडले म्हणून माझ्या डोळ्याला पाणी. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, बोलल्या रोज घ्या, परत दुखलं तर लगेच या, मी हो हो हो केलं आन लिफ्टमध्ये शिरलो.

मंग काय, आई एकवीरेला नवस बोललो होतो तो फेडला. बोकड कापला. गावाला जेवण. म्हंजे बघा तुम्ही अक्कल, नस मोकळी निघाली म्हणून त्याच नसेत चरबी ओतायचा कार्यक्रम, आन मी स्वतः वाढणाऱ्याला हाक मारून मटणातली नळी मागवून घेतोय. एक न्हाय, वर परत. गोळ्या? गोळ्या कशाला, क्लिअर हाय ना. आन त्याच दुपारी नाक्यावर बॅनर चढला, आन तिथं मी गॉगल लावून हसतोय.

आता राघोचं ऐका. राघोला पण गेला महिनाभर जिना चढताना छातीत कळ यायची. त्याच्या बायकोनं, बायजाबाईनं, त्याच्या मागं लागून लागून क्षितिजा मॅडमकडंच तारीख घेतली होती तपासणीची. पुढच्याच आठवड्यातली. तर हा राघो माझ्या बाजूला पंगतीत बसलेला, माझ्याकडं बघतो, वर लांबून दिसणाऱ्या बॅनरकडं बघतो आन बोलतो, ‘केसरी, तू माझ्या डबल खातोस. माझ्या डबल पितोस. माझ्या डबल बोंबलतोस. तुझी नस जर क्लिअर, तर माझी आरशासारखी असणार.’ आन तिथंच, हात रश्श्याचा, डाव्या हाताने फोन लावला हॉस्पिटलला. ‘हालो, मी राघो बोलतोय अंजूरवरनं, आमची तारीख कॅन्सल करा, आमचं क्लिअर हाय.’ तिकडून ती पोरगी बोलतेय, ‘काका, तुमची तपासणी झालीच नाहीये अजून.’ हा बोलतोय, ‘आमच्या केसरीची झाली ना!’

सगळी पंगत हसली. मी पण हसलो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, बोललो, ‘शाब्बास, उगाच डॉक्टरांचं घर कशाला भरायचं.’ बायजाबाई लांबून बघत होती, ती न्हाय हसली. तुम्हाला सांगतो, तिचं ते तोंड आठवलं ना की मला आत्ता पण जमिनीत जावंसं वाटतं.

चारेक दिवस गेले. मी टीव्ही बघत बसलेलो. काही करत न्हाय हां, भांडत न्हाय, ओरडत न्हाय, नुसता सोफ्यावर, आन परत तीच गोणी. छातीवर. घाम. म्हटलं गॅस असेल, सोडा प्यायलो. दुसऱ्या दिवशी परत. आता कोणी पण शहाणा माणूस काय करेल? डॉक्टरकडं जाईल. मी कसा जाणार? अहो, मी ठाण्याला जायला निघालो की रिक्षा नाक्यावरनंच जाणार, आन नाक्यावर मी गॉगल लावून हसतोय! लोक विचारणार, ‘काय शेठ, कुठं?’ काय सांगू, हृदयाच्या डॉक्टरकडं? ‘मंग हा बॅनर कशाचा?’ गावात मेलो तर दहा दिवस बोलतील, पण क्लिअर म्हणून बॅनर लावून परत हॉस्पिटलात गेलो तर माझ्या नातवाच्या लग्नात पण बोलतील. आमच्यात माणूस एक वेळ मरेल पण फजिती न्हाय होऊ देणार. मी त्या बॅनरखालून जायचो, छातीला हात लावायची इच्छा व्हायची, आन हात खिशात घालायचो. एकदा रिक्षावाला बोलला, ‘शेठ, एवढा घाम?’ बोललो, ‘ऊन किती हाय बघ.’ तो वर बघतोय, आभाळ भरलेलं.

पकडला मला जानकीनं. कशी, तर तिनं मांदेली तळली होती आन मी नको बोललो. ती ताट घेऊन उभीच राहिली. बोल्ली, ‘अवो, तुमचा बाप गेला त्या दिवशी पण तुम्ही मांदेलीला न्हाय बोलला न्हाईत. खरं सांगा, कुठं दुखतंय?’ आन मी, एवढा दोन गोडाऊनचा मालक, तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. बोललो, ‘जानके, दुखतंय, पण बॅनर...’ ती बोल्ली, ‘बॅनर गेला खड्ड्यात, तुम्ही चला.’ बोललो, ‘कोणाला कळता कामा न्हाय.’ मंग ठरलं, गावात सांगायचं गणेशपुरीला चाललोय, गरम पाण्याच्या कुंडात बसायला, गुडघे धरलेत. बायजाबाई दारात आली, बोल्ली, ‘येताना कुंडाचं पाणी आणा हां बाटलीत, माझे पण धरलेत.’ रिकामी बाटली दिलीन. ती बाटली मांडीवर घेऊन आम्ही गणेशपुरीच्या बाजूला निघाल्यासारखं केलं, आन पुढं जाऊन गाडी ठाण्याला वळवली. चोर पण एवढा वळसा घेत न्हाय.

मॅडमनी मला बघितलं आन पेन खाली ठेवलं. ‘काका, मी त्या दिवशी ‘पण’ म्हटल्यावर काय सांगितलं होतं?’ मी त्या पेनाकडं बघतोय. ‘गोळ्या चालू आहेत?’ मी लावलेलं बटण परत लावलं. ‘पथ्य?’ आता नवसाच्या जेवणाचं कसं सांगणार, मी जानकीकडं बघितलं, जानकी भिंतीकडं बघत होती. मॅडम बोलल्या, ‘अँजिओग्राफीत आपण नसेत रंग सोडतो आणि रक्त जायची वाट किती रुंद आहे ती सावली बघतो. नसेच्या भिंतीत काय भरलंय ते त्यात दिसत नाही. चरबी भिंतीच्या आत साठते, भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, आणि वाट मोकळीच दिसते. आता तुम्हाला बसल्या जागी दुखतंय म्हणजे मला आत जाऊन ती भिंत बघावी लागेल.’ बोललो, ‘आत म्हंजे?’ ‘नसेच्या आतून सोनोग्राफी करायची.’

सोनोग्राफी! मला! तुम्हाला सांगतो, मी इकडं तिकडं बघितलं कोणी ऐकलं तर न्हाय. आमच्याकडं सोनोग्राफी म्हंजे फक्त बायांची, पाचव्या महिन्यातली. बोललो, ‘मॅडम, दुसरं काय नाव न्हाय का ह्याला?’ बोलल्या, ‘आहे, पण ते इंग्रजी नाव तुम्हाला कोणाला सांगता येणार नाही.’ जानकी पदर तोंडाला लावून हसतेय, बोल्ली, ‘मॅडम, काय हाय ते आम्हाला सांगाल ना? का सांगत न्हाईत कायद्यानं?’ एवढ्या टेन्शनमध्ये बाईला सुचतं कसं बघा.

मंग मला तयार करायला नेलं. तयार म्हंजे... आता चार माणसांत कसं सांगू. तार मनगटातूनच घालणार होते, पण तिथनं न्हाय जमलं तर जांघेतून, म्हणून तिकडची पण हजामत. एक वॉर्डबॉय आला, भला माणूस, पडदा ओढला, माझा पायजमा ओढला, वस्तरा लावला, आन मधूनच थांबून माझ्या तोंडाकडं बघायला लागला. बोलला, ‘काका, आपको कहीं देखा है.’ बोललो, ‘नहीं देखा.’ ‘नहीं काका, देखा है, रोज देखता हूँ... आप भिवंडी साइड के हो ना?’ मी डोळे मिटले. ‘अरे, गॉगल! अंजूर नाका! अँजिओग्राफी क्लिअर!’ आन तिकडून दुसऱ्याला हाक मारतोय, ‘सलीमभाई, जल्दी आओ, वो क्लिअरवाले काका अपने यहाँ आए हैं!’ मी त्या अवस्थेत, अंगावर काय न्हाय, आन दोन माणसं माझ्याकडं बघून बोलतायत, ‘बॅनर में पहचान में नहीं आते.’ कसं ओळखणार बाबांनो, बॅनरवर माणूस कमरेपर्यंत असतो!

टेबलावर घेतला. थंडगार खोली, हिरवी चादर, मनगट बधिर केलं. झोपवत न्हाईत हां ह्यात, माणूस जागा असतो, तीच मोठी शिक्षा हाय. मॅडम तोंडाला मास्क लावून, नुसते डोळे दिसतायत. बोलल्या, ‘काका, तारेच्या टोकाला एक बारीक यंत्र आहे. ते आवाजाच्या लहरी सोडतं, त्या भिंतीवरून परत येतात आणि त्याचं चित्र होतं. आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज. मी आत नेऊन हळूहळू मागे ओढणार. हलायचं नाही.’ मी कशाला हलतोय. बाजूला स्क्रीन. त्यावर काळा-राखाडी गोल, मधे काळं भोक, त्याच्या भोवती कडी. बोलल्या, ‘हे भोक म्हणजे रक्ताची वाट.’ वाट चांगली होती, मला पण दिसत होती. ‘ही बघा इथपर्यंत भिंत पातळ आहे, चांगली आहे.’ मला बरं वाटलं. यंत्र मागं येतंय, गोल बदलतोय, आन एके ठिकाणी एका बाजूची भिंत एवढी जाड, फुगलेली, आन तिच्या मागं नुसता काळोख. मॅडमनी ओढायचं थांबवलं. परत पुढं नेलं. परत मागं.

‘हे बघा काका. ही सगळी मऊ चरबी भिंतीच्या आत भरलीये. जुनं, दगडासारखं कडक झालेलं असतं ते एक वेळ शांत बसतं. हे मऊ आहे, आणि मला वाटतंय वरचा पापुद्रा पातळ आहे. हा पापुद्रा फाटला की तिथे रक्त गोठतं आणि नस काही मिनिटांत बंद होते. मग चाळीस टक्के काय आणि वीस टक्के काय.’

मला ते एका क्षणात कळलं. अहो, आम्ही दुसरं गोडाऊन बांधलं तेव्हा खाली खाडीचा गाळ होता, त्यावर घाईघाईनं भराव टाकून कोबा केला. वरून असा चकचकीत, माणूस तोंड बघेल. गोडाऊन भाड्यानं घेणाऱ्या पार्टीला मीच फिरवून दाखवलं, ‘बघा, एक भेग न्हाय.’ पहिलाच कंटेनर आला आन मागचं चाक अर्धं आत. तो कोबा माझ्या छातीत, आन त्यावर मी काय ठेवलं, तर बोकड. मी त्या स्क्रीनकडं बघतोय आन तिकडं नाक्यावर मी गॉगल लावून हसतोय.

आन त्या टेबलावर, तुम्हाला खोटं वाटेल, मला माझी भीती नंतर वाटली. पहिला डोळ्यासमोर आला राघो. डाव्या हातात फोन धरून, ‘आमच्या केसरीची झाली ना’ बोलणारा. त्याला पण जिन्यात कळ येते. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवून तारीख सोडली, आन मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या आत पण हे असंच असेल तर? तो माझ्या बॅनरनं मेला तर मी बायजाबाईला काय तोंड दाखवू? डोळ्यातून पाणी कानात गेलं. तिथला एकजण बोलला, ‘काका, दुखतंय का?’ बोललो, ‘न्हाय रे, हे वेगळं हाय.’

मॅडम बोलल्या, दुखणं ह्याच जागेचं दिसतंय, इथं स्प्रिंग बसवू, स्टेंट, आन चरबी उतरायच्या जोरदार गोळ्या कायमच्या. बाहेर जानकीला विचारायला माणूस गेला. ती काय बोल्ली ते मला आतपर्यंत ऐकू आलं, ‘बसवा, बसवा, आन जमलं तर तोंडाला पण एक बसवा त्यांच्या.’ बसवली. परत तेच यंत्र आत घालून बघितलं बरोबर बसली का, बसली होती.

बाहेर आणलं तसा पहिला फोन राघोला. मनगटाला पट्टी, दुसऱ्या हाताने लावला. बोललो, ‘राघो, मी ठाण्याला हाय, हॉस्पिटलात. माझं क्लिअर न्हाय. स्प्रिंग बसवलीय. तू उद्याच्या उद्या इथं ये.’ तर बोलतो, ‘तू गणेशपुरीला हायस ना?’ ‘न्हाय रे, खोटं बोललो.’ ‘मंग बॅनर?’ ‘बॅनर पण खोटा.’ तर काय बोलला असेल? ‘केसरी, बॅनर खोटा कसा असेल, त्यावर माझा फोटो हाय.’ आता ह्याच्यावर काय बोलायचं तुम्ही सांगा. मी ओरडलो, तर नर्सनं फोन काढून घेतला. जानकीनं लावला, तर तिला बोलतो, ‘वैनी, त्याला गरम पाणी बाधलंय, डोक्यावर ओता थंड.’ मी जिवंत माणूस, माझ्या तोंडानं सांगतोय, तर विश्वास न्हाय, आन पंधरा रुपये फुटाचं प्लास्टिक बोलतं ते खरं.

सोडलं तसा गाडी थेट नाक्यावर घ्यायला लावली. जानकी बोल्ली घरी चला, बोललो न्हाय. संध्याकाळची वेळ, रिक्षा उभ्या, वडेवाल्याची कढई चालू, सगळं गाव तिथं, आन राघो बाकड्यावर बसून वडापाव खातोय. वर मी गॉगल लावून हसतोय, खाली मी, दाढी वाढलेली, मनगटाला पट्टी, जानकीनं दंडाला धरलेला. लोक एकदा वर बघतायत, एकदा खाली. कोणीतरी बोलला, ‘अरे, शेठला काय झालं?’ पळून जावंसं वाटलं, खरं सांगतो. पण बोललो. सगळ्यांसमोर. ‘हा बॅनर खोटा हाय. माझी नस आतून सडलेली निघाली. मला डॉक्टरनी सगळं सांगितलं होतं, मी अर्धं ऐकलं आन बोकड कापला. परत दुखायला लागलं तर लाजेपायी घरात बसलो. गणेशपुरीला गेलोच न्हाय. हसायचं तर आत्ता हसून घ्या.’

हसले. खोटं कशाला बोलू, हसले लोक. भाविकची मान खाली. वडेवाला झारा हातात धरून हसला. बायजाबाई मागं उभी होती, ती बोल्ली, ‘म्हंजे पाणी न्हाय आणलंत?’

पण राघो हसला न्हाय. बोलला, ‘सगळ्यांसमोर बोललास म्हंजे खरं दिसतंय.’ मी त्याच्या बाजूला बसलो. बोललो, ‘राघो, मला तुझी भीती वाटते रे. तू गेलास तर मी सकाळी उठून भांडू कोणाशी? माझ्यापाशी दुसरा कोण हाय?’ असं मी त्याला जन्मात कधी बोललो न्हवतो. त्यानं उरलेला वडापाव कागदात गुंडाळला. हळूच बोलला, ‘केसरी, मला काल पण दुखलं. कोणाला सांगणार, खाली माझाच फोटो हाय ना शुभेच्छुक म्हणून.’ म्हंजे बघा, दोघं म्हातारे, घराला घर लागून, दोघं आपापल्या भिंतीआड छाती धरून बसलेले, एका बॅनरपायी. मी भाविकला बोललो, ‘आत्ताच्या आत्ता उतरव.’ तो बोलला, ‘काका, महिन्याचं बुकिंग हाय.’ जानकीनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. उतरवला.

दुसऱ्या दिवशी राघोला मी स्वतः घेऊन गेलो. रस्ताभर त्याची बडबड, ‘वस्तरा थंड असतो का रे? मॅडम ओरडतात का?’ आन कशेळीच्या पुलापाशी माझा हात धरला तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडला न्हाय. अँजिओग्राफी झाली, तर एका जागी मॅडमना शंका आली. बोलल्या, सगळ्यांची नाही करत आपण, पण ह्यांचं दुखणं आहे, आतून बघूनच घेऊ. आत नेलं. बाहेर बायजाबाई, जानकी आन मी. बायजाबाई रिकामी बाटली हातात घेऊन आली होती, कशाला कोणास ठाऊक, नुसतं झाकण फिरवत होती. मी सगळ्या देवांची नावं घेतली. एकवीरा, वज्रेश्वरी, जेवढी आठवली तेवढी. बोललो, माझं काय व्हायचं ते होऊ दे, ह्याला काय करू नका.

मॅडम बाहेर आल्या. मास्क खाली केला. बोलल्या, ‘भिंत एकदम छान आहे. कुठे मऊ चरबी नाही, काही नाही. दुखणं ॲसिडिटीचं वाटतंय, वडापाव कमी करा म्हणावं.’ बायजाबाई मटकन खाली बसली आन रडायला लागली, जानकी तिला धरून रडतेय. आतून स्ट्रेचरवरनं राघो ओरडतोय, ‘केसरी, बोललो होतो ना, आरशासारखी!’ माझ्या छातीतून एवढं ओझं उतरलं, स्प्रिंग बसवली तेव्हा पण उतरलं न्हवतं. मैतर वाचला. माझ्या पापातून सुटलो. देवाशप्पथ, आनंद झाला.

आन त्याच आनंदात... आता तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... त्याच आनंदात एका कोपऱ्यात असं आलं, की आता हा आयुष्यभर माझ्यासमोर बसून मटण खाणार, नळी चोखणार, आन मी त्याच्यासमोर दुधीची भाजी. ह्याच्या आरशात मी रोज माझं तोंड बघणार. ह्याच्या पण नसेत, फार न्हाय, जीवाला धोका न्हाय, पण थोडंसं... पथ्यापुरतं... निघायला काय हरकत होती? मॅडम माझ्याकडं बघत उभ्या होत्या. बोलल्या, ‘काका, तुमचा चेहरा असा का झाला? काय होतंय?’ बोललो, ‘काय न्हाय मॅडम, आनंद झालाय.’